बेडरूम बंद ठेवूनही शिंका थांबत नाहीत? रिनोव्हेशनची धूळ कुठून येते ते शोधण्याचा क्रम

किचनचं किंवा बाथरूमचं काम काढलं, घरातल्या दम्याच्या किंवा अॅलर्जीच्या माणसासाठी एक बेडरूम राखून ठेवली, दाराला प्लास्टिक लावलं, आणि तरी दोन-तीन दिवसांत त्रास सुरू झाला. फ्लॅटमधल्या जवळजवळ प्रत्येक कामात ही तक्रार येते आणि शोधत गेलं की कारण बहुतेक एकच निघतं: कामाच्या खोलीतली हवा राखीव खोलीकडे वाहते आहे. बारीक धूळ हवेबरोबर जाते. म्हणून खालचा सगळा क्रम हवा कुठून कुठे जाते ते शोधण्याचा आणि तिची दिशा बदलण्याचा आहे. आधी फुकटचे उपाय, मग शे-दोनशे रुपयांचे, खर्चाचे शेवटी.

लक्षणं

- काम संध्याकाळी थांबतं, पण नाक चोंदणं, शिंका, खोकला रात्री आणि पहाटे वाढतो.
- राखीव खोलीतल्या काळ्या टेबलावर किंवा टीव्हीवर सकाळी पांढुरका थर दिसतो.
- लादी पुसल्यावर ओली असताना स्वच्छ, वाळल्यावर पुन्हा पांढरी.
- एसीची जाळी धुतली तरी दोन-तीन दिवसांत पुन्हा भरते. एसी लावला की खोकला येतो.
- डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, पण धूळ कुठे दिसत नाही. हे लक्षण वेगळं आहे. रंग, पॉलिश किंवा थिनरच्या वाफेचं असू शकतं. त्याबद्दल खाली.
- काम संपून महिना झाला तरी त्रास चालूच. अशा वेळी धूळ नवी येत नसते, घरात साठलेली पुन्हा उडत असते.

रात्री त्रास वाढण्याचं कारण समजून घेतलं की पुढचे उपाय सोपे वाटतात. हवा शांत असेल तर १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण छतापासून जमिनीपर्यंत पंधरा-वीस मिनिटांत पोचतो. १ मायक्रॉनच्या कणाला मात्र कित्येक तास, कधी जवळजवळ अख्खा दिवस लागतो. फुफ्फुसात खोलवर जातात ते हेच बारीक कण. मिस्त्री सहाला हात धुऊन निघून गेला तरी पुट्टी घासल्याची धूळ रात्री हवेतच असते आणि पंखा लावला की ती खाली बसतच नाही.

१. धूळ कुठे बसते ते बघा (फुकट)

प्लास्टिक आणायला धावण्याआधी एक रात्र द्या. स्टीलच्या चार थाळ्या ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करा. राखीव खोलीत एक दाराजवळ, एक खिडकीखाली, एक एसीखाली आणि एक स्विचबोर्डखाली ठेवा. सकाळी खोलीत अंधार करून टॉर्च थाळीला जवळजवळ आडवा धरा. तिरप्या उजेडात पातळ थरही स्पष्ट दिसतो.

दाराजवळची थाळी जास्त मळली असेल तर फट दाराची. खिडकीखालची मळली असेल तर कामाच्या खोलीतून बाहेर गेलेली धूळ फिरून परत येते आहे, किंवा शेजाऱ्यांकडे, वरच्या मजल्यावरही काम सुरू आहे. एसीखाली जास्त असेल तर धूळ एसीच्या आत साठली आहे. स्विचबोर्डखाली असेल तर ती भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपातून येते आहे. चारही सारख्या मळल्या असतील तर धूळ माणसांच्या पायांनी आणि झाडूने आत येते. ही तपासणी टाळली तर दाराला दुहेरी प्लास्टिक लावून धूळ मात्र एसीच्या भोकातून येत राहते.

२. किचनची चिमणी आणि बाथरूमचा एक्झॉस्ट बंद करा (फुकट)

सर्वांत जास्त सापडणारा आणि सर्वांत कमी लक्षात येणारा दोष हाच. बाथरूमचं काम चालू आहे, किचन वापरात आहे, स्वयंपाक करताना चिमणी लावली. चिमणी घरातली हवा बाहेर फेकते, तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते, आणि खिडक्या धुळीच्या भीतीने बंद केलेल्या असतात. मग ती हवा कामाच्या खोलीतूनच, प्लास्टिकच्या फटींतून ओढली जाते. राखीव बेडरूमला जोडलेल्या बाथरूममधला छोटा एक्झॉस्ट पंखाही हेच करतो, आणि तो बऱ्याच घरांत दिवसभर चालू असतो.

काम चालू असताना आणि थांबल्यावर निदान दोन तास स्वच्छ बाजूचे असे सगळे पंखे बंद ठेवा. चिमणी लावावीच लागली तर किचनची खिडकी आधी उघडा, म्हणजे हवा बाहेरून येईल.

दिशा तपासायची असेल तर टिश्यू पेपरची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी दाराच्या फटीजवळ धरा. पट्टी कामाच्या खोलीकडे झुकली तर ठीक. तुमच्याकडे झुकली तर धूळ आत येते आहे. काही जण अगरबत्तीच्या धुराने बघतात, पण दम्याच्या माणसाला तो धूरच बाधतो.

३. झाडू ठेवून द्या (फुकट)

कोरड्या केरसुणीने पुट्टीची किंवा सिमेंटची धूळ झाडली की खाली बसलेले बारीक कण पुन्हा हवेत जातात. बिगारी संध्याकाळी "साफ करून" जातो आणि त्याच वेळी घरभर धूळ पसरते. सुताराकडचा लाकडाचा भुसा पाण्याने ओलसर करा, मुठीत दाबल्यावर पाणी गळणार नाही इतपत, तो लादीवर पसरा आणि भुशासकट झाडून घ्या. कण भुशाला चिकटतात. प्लायवूड किंवा एमडीएफचा भुसा यासाठी नको. त्यात गोंद आणि रसायनं असतात.

राडारोडा गोणीत भरण्याआधी त्यावर पाणी शिंपडा, गोणी तीन-चतुर्थांशच भरा आणि तोंड बांधा. तोंड उघडी गोणी खांद्यावरून हॉलमधून गेली की वाटेत प्रत्येक पावलाला धूळ सांडते. कामाच्या खोलीच्या उंबऱ्यावर ओलं गोणपाट टाका आणि ते दिवसातून दोन-तीनदा धुवा. वाळलेलं गोणपाट काही अडवत नाही. कामगारांच्या चपला आतच राहाव्यात. बाथरूमही त्यांना शक्यतो वेगळं द्या, कारण दिवसभरात राखीव भागातून होणारी ये-जा तिथेच असते.

लादी पुसताना दोन बादल्या घ्या, एक फडकं पिळायला, एक स्वच्छ पाण्याची. एकाच बादलीत पुसलं की पुट्टीचं पाणी लादीभर फिरतं आणि वाळल्यावर पांढरा थर उरतो. तो जावा म्हणून संगमरवरावर किंवा कोटा दगडाच्या लादीवर व्हिनेगर, लिंबू किंवा अॅसिड टाकू नका, दगडाची चकाकी कायमची जाते.

४. पंखा आणि एसी (जवळजवळ फुकट)

कामाच्या खोलीतला पंखा काम सुरू होण्याआधीच मोठ्या पिशवीत गुंडाळा. एसीचं आतलं युनिट प्लास्टिकने पूर्ण झाकून टेप लावा आणि त्याचा एमसीबी खाली करा, म्हणजे चुकूनही कुणी लावणार नाही.

राखीव खोलीतला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. म्हणून तो लावायला हरकत नाही, पण त्याच्या जाळीत केस आणि जाड धूळच अडकते. बारीक पुट्टी मागच्या कॉइलवर बसते, तिथल्या ओलाव्यात चिकटते आणि नंतर बुरशीलाही आधार देते. काम चालू असेपर्यंत जाळी तीन-चार दिवसांनी धुवा. विंडो एसी असेल तर बाहेरची हवा घेणारी झडप बंद ठेवा.

५. दार नीट बंद करा (शे-दोनशे रुपये)

प्लास्टिक लावूनही उपयोग झाला नाही, असं जिथे ऐकू येतं तिथे बहुतेक वेळा कागद पातळ असतो आणि टेप धुळीवर लावलेला असतो. निदान १०० मायक्रॉनचा, जमलं तर २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद घ्या. टेप लावायची चौकट आधी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. साधा मासकिंग टेप एकटा दोन दिवसांत सुटतो, पण रंगलेल्या चौकटीवर आधी तो लावून त्यावर रुंद पीव्हीसी टेप लावला तर पकडही राहते आणि काढताना रंगही निघत नाही.

येण्याजाण्याच्या दाराला दोन कागद लावा. पहिल्याला मधोमध उभी चीर द्या. दुसरा फक्त वरच्या बाजूला चिकटवा, कामाच्या खोलीच्या बाजूने, आणि तो चिरेच्या दोन्ही बाजूंना फूटभर पुढे राहू द्या. त्याच्या तळाला लाकडी पट्टी बांधली की तो आपोआप खाली पडतो. चिकटवायची झिप मिळते तीही चांगली, पण घाईत कामगार ती उघडीच टाकतात. ज्या दाराने जायचंच नाही ते चारही बाजूंनी टेपने बंद करा. राखीव खोलीच्या दाराखालच्या फटीत ओला टॉवेल गुंडाळून ठेवा.

६. न दिसणारी भोकं (टेप आणि थोडा वेळ)

दार व्यवस्थित असूनही थाळ्या मळत असतील तर या जागा बघा.

एसीचे तांब्याचे पाइप भिंतीतून जातात ते भोक बहुतेक घरांत अर्धवटच भरलेलं असतं. ड्रेनचा पाइप कधी कधी एका खोलीतून दुसरीत जातो. एसीवाल्याकडची मऊ पुट्टी किंवा फोम भरून ते बंद करा.

इलेक्ट्रिशियन झिऱ्या मारतो, म्हणजे वायरसाठी भिंतीत खाचा पाडतो, तेव्हा वायरिंगचे पाइप उघडे पडतात. हे पाइप खोल्याखोल्यांमधून जातात, त्यामुळे कामाच्या खोलीतली धूळ थेट बेडरूमच्या स्विचबोर्डमधून बाहेर पडते. उघड्या पाइपांची तोंडं कामाच्या बाजूने टेपने बंद करून घ्या. बोर्ड उघडायचा असेल तर ते इलेक्ट्रिशियनलाच करू द्या, मेन बंद करून.

फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी जुन्या घरांत दोन खोल्यांना सामाईक असते. माळाही तसाच: एका बाजूने किचनमध्ये उघडतो, दुसऱ्या बाजूने पॅसेजमध्ये. माळ्याची दारं बंद दिसतात, पण त्यांना फट असते. दोन्ही बाजूंना प्लास्टिक लावा.

बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडते. कामाच्या बाथरूममधली धूळ डक्टमध्ये गेली की तुमच्याच दुसऱ्या बाथरूममधून परत येते, आणि वरच्या मजल्यांवरही जाते. राखीव बाथरूमची खिडकी बंद, कामाच्या बाथरूमची खिडकी जाळीच्या कापडाने झाकलेली, असं ठेवा.

७. हवेची दिशा बदला (एक एक्झॉस्ट पंखा)

इतकं करूनही थांबत नसेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल तर थेट, कामाच्या खोलीच्या खिडकीत १२ इंची एक्झॉस्ट पंखा बसवा. खिडकीच्या मापाचा प्लायवूड कापून त्यात पंखा लावा आणि कडा टेपने बंद करा. कडा उघड्या राहिल्या तर पंखा बाहेर फेकलेलीच हवा फटींतून परत ओढतो. पंखा हवा बाहेर फेकतो, खोलीत दाब किंचित कमी होतो आणि घरातली हवा कामाच्या खोलीकडे वाहू लागते. दाराचा प्लास्टिक कागद कामाच्या खोलीकडे फुगलेला दिसला म्हणजे काम झालं. दुसरीकडे फुगत असेल तर कुठली तरी खिडकी किंवा चिमणी उलटं ओढते आहे.

पंखा कुठल्या खिडकीत लावायचा ते वाऱ्यावरून ठरवा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा आणि पावसाळ्यातला वारा बहुतेक पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या खिडकीत लावलेल्या साध्या पंख्याला वारा मागे ढकलतो. स्वच्छ बाजूला, पंख्यापासून लांबची एक खिडकी दोन-तीन बोटं उघडी ठेवा, म्हणजे आत येणारी हवा तिथून येईल. झिऱ्या, तोडफोड किंवा पुट्टीचं काम थांबल्यावरही पंखा दोन तास चालू राहू द्या.

एक धोका आधीच ध्यानात घ्या. घरात गॅस गीझर असेल तर एक्झॉस्ट पंखा चालू असताना तो वापरू नका. खोल्यांमधला दाब कमी झाला की गीझरच्या ज्वाळेचा धूर बाहेर जाण्याऐवजी बाथरूममध्ये फिरतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत अनेकदा कळत नाही.

८. धूळ होऊच देऊ नका (कंत्राटदाराशी बोलणं)

धूळ अडवण्यापेक्षा ती कमी करणं नेहमी स्वस्त पडतं, पण हे काम सुरू होण्याआधी ठरवावं लागतं. नंतर सांगितलं की जास्तीचे पैसे मागितले जातात.

टाइलची सरळ काप मॅन्युअल टाइल कटरने होते. रेघ मारून तोडायची, धूळ जवळजवळ शून्य. ग्राइंडर फक्त कोपरे आणि भोकांसाठी, आणि तोही पाणी टाकत, बाल्कनीत किंवा गच्चीवर. पाण्यासोबत वीज आली, म्हणून त्या लाइनवर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (शॉक लागण्याआधी वीज तोडणारा स्विच) हवाच. व्हिट्रिफाइड टाइल, ग्रॅनाइट आणि सिमेंट कोरडं कापलं की स्फटिकी सिलिका उडते. ती अॅलर्जीच्या माणसालाच नाही, निरोगी मिस्त्रीलाही वर्षानुवर्षांच्या श्वासातून सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार देते. कामगारांना मास्क देणं हाही घरमालकाने आग्रह धरायचा विषय आहे.

पुट्टी घासणं हे सगळ्यात जास्त धूळ करणारं काम. पर्याय दोन: व्हॅक्यूम जोडलेला सँडर, किंवा थोड्या ओल्या भिंतीवर वॉटर पेपर. ओली घासाई हळू होते आणि रंगारी नाराज होतो, पण घरात दम्याचा माणूस असेल तर हट्ट सोडू नका. झिऱ्या मारण्यासाठी धूळ ओढणारं आवरण असलेला वॉल चेझर (भिंतीत खाच पाडणारं यंत्र) भाड्याने मिळतो. प्लायवूड आणि एमडीएफची कापाकापी सुताराच्या वर्कशॉपमध्ये करून फक्त जोडणी घरात करता येते.

तोडफोड, झिऱ्या, टाइल कापणं आणि पुट्टी घासणं शक्य तितक्या सलग दिवसांत बसवा आणि त्या दिवसांत रुग्णाला नातेवाइकांकडे पाठवा. इतर कोणत्याही उपायापेक्षा हा जास्त उपयोगी पडतो.

जुन्या किचनच्या ट्रॉल्या काढताना आणखी एक गोष्ट उडते: मागे साठलेली झुरळांची विष्ठा आणि कवचं. दम्याचं ते ओळखीचं कारण आहे. ट्रॉल्या काढण्याआधी मागचा भाग पाण्याने ओला करून पुसा.

९. प्युरिफायर, मास्क, व्हॅक्यूम

प्युरिफायर कामाच्या खोलीत ठेवू नका. फिल्टर काही दिवसांत बुजतो. राखीव खोलीत ठेवा. १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळायची तर खोक्यावर सीएडीआर, म्हणजे तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा, निदान १७० घनमीटर असावा. तो आकडा सर्वांत जोरात चालवल्यावरचा असतो आणि रात्री आवाजामुळे आपण तो हळू ठेवतो, म्हणून २५० किंवा जास्त घ्या. एचईपीए (अगदी बारीक कण अडवणारा) एच१३ फिल्टर असावा. रंगा-थिनरच्या वाफेवर प्युरिफायर जवळजवळ काही करत नाही.

मास्क एन९५ किंवा आयएस ९४७३ प्रमाणाचा एफएफपी२ हवा, डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा. जोरात श्वास घेतल्यावर तो थोडा आत ओढला गेला पाहिजे. चष्म्यावर वाफ आली म्हणजे नाकाशी फट आहे. दाढीवर तो बसत नाही. रुमाल आणि सर्जिकल मास्क या धुळीला पुरत नाहीत. दम्याच्या माणसाला मास्कने श्वास जड वाटू शकतो, म्हणून साफसफाई त्याने करायचीच नाही.

घरचा साधा व्हॅक्यूम पुट्टीच्या धुळीवर चालवू नका. बारीक धूळ त्याच्या फिल्टरमधून मागून बाहेर येते आणि मोटरही गरम होऊन जळते. एचईपीए फिल्टर आणि पिशवी असलेला व्हॅक्यूम भाड्याने घ्या.

थांबा, आणि जाणकाराला बोलवा

पुढच्या गोष्टींत स्वतः हात घालू नका, मिस्त्रीलाही घालू देऊ नका.

जुन्या इमारतीत माळ्यावर, पन्हाळीत किंवा गच्चीच्या शेडमध्ये सिमेंटचा करडा नालीदार पत्रा असेल तर त्यात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. तो तोडू, कापू, ड्रिल करू नका. तपासणी करून घ्या आणि तो काढणारे प्रशिक्षित लोक बोलवा.

दारं-खिडक्यांचा जुना तेलरंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. घरात लहान मूल किंवा गर्भवती असेल तर नमुना लॅबमध्ये तपासल्याशिवाय त्याला हात लावू नका.

एसीच्या बाहेरच्या युनिटमागे कबुतरांच्या विष्ठेचा जाड थर असेल, किंवा भिंतीवर साधारण १० चौरस फुटांपेक्षा जास्त बुरशी असेल, तर कोरडं खरवडणं फार घातक. दोन्हींमुळे फुफ्फुसाचा गंभीर आजार होऊ शकतो. बुरशीमागची गळती आधी प्लंबरकडून शोधा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात ती परत येईल.

पॉलिश, विशेषतः दोन घटक मिसळून लावायचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, आणि थिनरच्या दिवसांत दम्याच्या माणसाने घरात थांबू नये. पीयूच्या हार्डनरमधले घटक दमा उभा करू शकतात. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही.

काम सुरू होण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन दम्याचं रोजचं औषध आणि गरजेच्या पंपाचं (इनहेलरचं) प्रमाण विचारून घ्या. पंपाने आराम पडत नाही, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात किंवा ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली जातो, यातलं काहीही झालं तर साफसफाई करत बसू नका. पंप देत १०८ वर फोन करा आणि दवाखान्यात न्या.

काम संपल्यावर

साफसफाई वरून खाली: पंख्याची पाती, दिवे, कपाटांचे माथे, दाराच्या चौकटीची वरची कड, भिंती, आणि लादी सगळ्यात शेवटी. आधी व्हॅक्यूम, मग ओलं फडकं, कारण जाड पुट्टीवर थेट पाणी पडलं की तिचा गारा होऊन फटींत बसतो. चोवीस तास पंखे बंद ठेवा आणि पुन्हा तेच सगळं एकदा करा. पहिल्या खेपेला हवेत उरलेली धूळ दुसऱ्या खेपेला हाती लागते. पडदे धुवा, गादीवरचं आवरण बदला, झाकून न ठेवलेले कपाटातले कपडे झटकू नका, धुवा. एसीची कॉइल पाण्याच्या प्रेशरने धुणारी सर्व्हिस करून घ्या.

दुसऱ्या सफाईनंतर थाळ्या पुन्हा रात्रभर ठेवा. सकाळी तिरप्या टॉर्चमध्ये चारही थाळ्या स्वच्छ दिसल्या तरच रुग्णाला परत आणा. एक जरी मळलेली असेल तर ती ज्या जागेची आहे तिथली तपासणी पुन्हा करा.